शंभरातल्या किती?

(नाशिकमधील एका महिला मंडळातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मला चाळीस मिनिटं दिली होती. त्यातली बरीच प्रास्ताविकात आणि शाल-श्रीफळात गेली. तक्रार नाही, नारळ चांगला आहे.

विषय तुम्हाला माहीत आहे. ब्रेस्ट कॅन्सर पहिल्या टप्प्यात सापडला, गाठ काढली, स्तन वाचला. आता रेडिएशन घ्यायचं की नाही? मी डॉक्टर नाही. जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि ६७व्या वर्षी स्वतःच नमुना झाले. घरचे तर आधीपासूनच म्हणायचे.

ऑपरेशननंतरचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी फाईल उघडली, माझ्या डोक्यावरून दिरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पेशंटला जरा बाहेर बसवता का?" कागदावर नाव माझं, टाके माझ्या अंगावर, आणि बाहेर बसायचं मी! मी म्हटलं, मी इथेच बसते, हवं तर यांना पाठवा. दीर पोस्टातून निवृत्त झालेले, शिस्तीचा माणूस. ते खरंच उठले. त्यांना खाली बसवण्यात आणखी वेळ गेला.

मग मी विचारलं, रेडिएशन घेतलं तर काय, नाही घेतलं तर काय? "घेतलेलं बरं." किती बरं? "धोका निम्म्याहून कमी होतो, ताई." अहो, पण कशाच्या निम्म्याहून? शंभरात चाळीसचे वीस झाले तरी निम्मे आणि दोनाचा एक झाला तरी निम्माच. एफवायच्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता. इथे मात्र उत्तर देणाऱ्यालाच फी द्यावी लागली.

घरी दुसरं अधिवेशन भरलं. निफाडच्या नणंदबाई म्हणाल्या, शेकाने, म्हणजे रेडिएशनने, हाडांचा भुगा होतो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, नातवाला जवळ घेऊ नका, किरणं अंगात राहतात. (राहत नाहीत. बाहेरून मशीनने दिलेल्या रेडिएशनने अंग किरणोत्सर्गी होत नाही. नातवंडं खुशाल मांडीवर घ्या, वजन झेपत असेल तर.) पुण्याचा भाचा म्हणाला, आत्या, चान्स कशाला घ्यायचा? अरे, रेडिएशन घेणं हाही चान्सच की! थकवा येतो, कातडी लाल होते, काळवंडते. डावा स्तन असेल तर हृदय शेजारीच, त्याला किरणं लागू नयेत म्हणून बऱ्याच ठिकाणी खोल श्वास रोखून धरायला लावतात. माझा रिपोर्ट कोणी वाचलाच नव्हता. गाठ १.४ सेंटिमीटर, ग्रेड १ (सावकाश वाढणारी), काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, काखेतल्या गाठींत काही नाही, ईआर (कॅन्सर हार्मोनवर वाढतो का, त्याची खूण) ८/८. सगळा निर्णय त्या चार ओळींत होता, आणि आमच्याकडे चर्चा हाडांच्या भुग्याची.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. पुढे पाककृती स्पर्धेची बक्षिसं आहेत आणि मांडे वाट पाहताहेत. तर मूळ मुद्दा पळत सांगते.

अमेरिकेत सर्जन बर्नार्ड फिशर यांचा अभ्यास १९७६मध्ये सुरू झाला, वीस वर्षांचे निकाल २००२मध्ये आले. नुसती गाठ काढलेल्यांत त्याच स्तनात आजार परतला शंभरातल्या ३९ जणींना, रेडिएशन घेतलेल्यांत १४ जणींना. हयात राहण्यात फरक दिसला नाही. मात्र २०११मध्ये १७ अभ्यासांतल्या १०,८०१ बायकांची एकत्र मोजणी झाली, तेव्हा १५ वर्षांत या आजाराने गेलेल्यांचं प्रमाण रेडिएशनमुळे शंभरात २५वरून २१वर आलेलं दिसलं. त्यामुळे वय कमी असेल किंवा आजार काखेत गेला असेल, तर आता पुढे सांगते तो हिशेब दाखवून रेडिएशन टाळू नका.

माझ्यासारख्यांसाठी ब्रिटनमधून चालवलेला प्राइम-२ अभ्यास आहे. वय ६५ किंवा जास्त, गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत, काख स्वच्छ, कॅन्सर हार्मोनवर वाढणारा, आणि हार्मोनविरोधी गोळी चालू. अशा १,३२६ बायका. दहा वर्षांत त्याच स्तनात आजार परतला रेडिएशन न घेतलेल्या शंभरातल्या साडेनऊ जणींना (अर्धी बाई शोधू नका), घेतलेल्यांत एकीपेक्षाही कमी. हयात दोन्हीकडे ८१च्या आसपास. गोळी मात्र वर्षानुवर्षं नेमाने घ्यायची. ती झेपणार नसेल, तर हा हिशेब लागू नाही.

आणखी एक. पूर्वी पाच आठवडे लागायचे, मग तीन झाले, आणि २०२०मध्ये आलेल्या ब्रिटनच्या निकालानंतर काही जणींना एका आठवड्यात पाच वेळांत भागतं. सुरगाण्याहून येणारी बाई पाच आठवडे नाशकात राहणार कुठे? म्हणून "माझ्यासाठी कमी दिवसांचं चालेल का?" हे विचाराच.

मी काय केलं? मला साडेनऊ जास्त वाटल्या, मी घेतलं. माझ्याच वयाच्या मैत्रिणीचा रिपोर्ट जवळपास असाच. तिला साडेनऊ कमी वाटल्या, ती गोळीवर राहिली. दोघींचंही गणित बरोबर आहे आणि दोघींनीही ते स्वतः...

दुसरी चिठ्ठी. ही जरा रागाने लिहिलेली दिसते. थांबते.