बंदूक कुठे ठेवता?

(दृश्य : सकाळची वेळ. व्हीए हॉस्पिटलचं मुख्य दार. झेंड्याच्या खांबापाशी व्हीलचेअरवरचे दोघे जण कॉफी पीत बसलेत. आत शिरणारी तरुण मंडळी, गळ्यात कोरी ओळखपत्रं.)

जुलैचा पहिला आठवडा. अमेरिकेत डॉक्टर घडवणाऱ्या बहुतेक हॉस्पिटलांत याच सुमाराला नवे रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, रुजू होतात. बोटांचे ठसे देऊन झालेत, संगणकावरची सक्तीची प्रशिक्षणं कशीबशी उरकलीत. यातले काही जण पुढची चार वर्षं मानसोपचार शिकतील आणि त्यातले बरेच महिने इथे काढतील. डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स हे माजी सैनिकांच्या या सरकारी खात्याचं पूर्ण नाव. बोलताना सगळे नुसतं 'व्हीए' म्हणतात.

सुमारे १७० मोठी हॉस्पिटलं, हजाराहून जास्त छोटे दवाखाने आणि नाव नोंदवलेले ९० लाखांच्या आसपास माजी सैनिक. सरकारी आरोग्यसेवेचं नाव काढलं की ज्या देशात निम्मे लोक नाक मुरडतात, तिथेच ही यंत्रणा उभी आहे. इमारत सरकारची, औषधं सरकारची, डॉक्टरांचा पगारही सरकारचा. गंमत म्हणजे ती बंद करा, असं म्हणायला सहसा कुणी पुढारी धजत नाही.

आपल्याकडून एमबीबीएस होऊन, यूएसएमएलईच्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरकीच्या परवान्याच्या, परीक्षा देऊन गेलेली मुलंमुलीही या रांगेत असतात. आपली एमडी तीन वर्षांची, तिथली रेसिडेन्सी चार वर्षांची. सुरुवातीला चार महिने मेडिसिनसारख्या विभागात, दोन महिने न्यूरॉलॉजीत, मग वॉर्ड, कॅज्युअल्टी, व्यसनमुक्ती, वृद्धांचे विकार आणि निदान वर्षभर ओपीडी. आठवड्याला ८० तासांची मर्यादा. ती पाळली जाते का, हा प्रश्न कुठल्याही देशातल्या रेसिडेंटला विचारा, तो आधी हसेल.

या फिल्ममध्ये तुम्हाला पेशंटचे चेहरे दिसणार नाहीत. जे प्रसंग सांगणार आहोत, ते कुणा एकाचे नाहीत. अशा ओपीडीत ते पुन्हा पुन्हा घडतात.

(दृश्य : रिकामी तपासणीची खोली. टेबल, संगणक, दोन खुर्च्या.)

खोली लहानच असते. नव्या रेसिडेंटला पहिल्याच आठवड्यात बजावलेलं असतं, दाराजवळच्या खुर्चीत बसा, वेळ आलीच तर पटकन बाहेर पडता आलं पाहिजे. पण समोरचा माणूसही नेमकी तीच खुर्ची शोधत असतो. इराकमध्ये गस्त घालून आलेला माणूस दाराकडे पाठ करून बसत नाही, हॉटेलात जेवायला गेला तरी बसत नाही. मग दोघं मिळून खुर्च्या सरकवतात. दार दोघांनाही दिसेल आणि कुणी कुणाच्या वाटेत येणार नाही, असा कोन शोधतात. अतिसतर्कता हे लक्षण पुस्तकात एका ओळीत संपतं. इथे त्यासाठी फर्निचर हलवावं लागतं.

वॉर्डातही तसंच. झोपलेल्या पेशंटच्या खांद्याला हात लावून त्याला उठवायचं नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं, नावाने हाक मारायची आणि थांबायचं. हा धडा प्रोफेसर देत नाहीत, रात्रपाळीच्या जुन्या नर्स देतात.

बाहेरून आलेल्या डॉक्टरला अजून एक भाषा शिकावी लागते, ती फौजेची. डोक्यावरच्या टोपीवर जहाजाचं किंवा तुकडीचं नाव असतं, तिथून हिस्टरी सुरू करता येते. डीडी-२१४ म्हणजे फौजेतून बाहेर पडताना मिळालेला कागद. सेवा कशी संपली याचा शेरा त्याच्यावर असतो, आणि त्या शेऱ्यावर पुढचे उपचार, पेन्शन, पुष्कळ काही अवलंबून असतं. शेरा वाईट असेल तर वर्षानुवर्षं दार बंद राहू शकतं. आत्महत्येच्या टोकाला पोचलेल्यांसाठी मात्र जानेवारी २०२३ पासून नियम सैल झाला. व्हीएत नाव नोंदलेलं नसलं, तरी बहुतेक माजी सैनिकांना अशा वेळी तातडीचे उपचार फुकट मिळतात.

आणि आता तो प्रश्न. तो विचारायला रेसिडेंटला सगळ्यात जड जातं.

अमेरिकेत दर वर्षी सहा हजारांहून जास्त माजी सैनिक आत्महत्या करतात. त्यातल्या दहापैकी सुमारे सात जणांच्या हातात बंदूक असते. ज्याच्या घरात, शेजारात, गावात कुणाकडे कधी बंदूक नव्हती, असा आपल्याकडचा डॉक्टर हा विषय काढतो तेव्हा त्याच्याही नकळत आवाज फौजदाराचा होतो. "घरात शस्त्र आहे का?" समोरून उत्तर येतं, "नाही." आणि संवाद तिथेच बंद. माणसाला वाटतं, हो म्हटलं तर काढून घेतील.

म्हणून सीनियर सांगतात, आहे का हे विचारूच नकोस. आहे असं धरून चाल आणि विचार, "बंदुका कुठे ठेवता?" मग माणूस बोलतो. एक कपाटात, एक गाडीत, एक उशाशी. उशाशी का, हे ऐकण्यातच अर्धी भेट जाते. त्याला रात्री झोप येत नाही, खाली खुट्ट झालं की तो उठतो, सगळी कुलपं बघून येतो. ती बंदूक त्याच्या लेखी औषधासारखी आहे. ती टाकून दे म्हणणारा डॉक्टर त्याच्या नजरेतून उतरतो.

मग घासाघीस सुरू होते. आत्महत्येची ऊर्मी बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. ती सर येऊन ओसरेपर्यंत हात आणि चाप यांच्यामध्ये जेवढी मिनिटं घालता येतील, तेवढी घालायची. काडतुसं वेगळ्या खोलीत ठेवता येतील? किल्ली बायकोकडे देता येईल? वाईट महिने जाईपर्यंत बंदूक भावाकडे राहील? व्हीए केबलचं कुलूप फुकट देते. बंदुकीच्या नळीतून वगैरे ओवायची ती साधी तार असते. ते कुलूप टेबलावर ठेवून, ते कसं लावायचं हे पेशंटकडूनच शिकणारे रेसिडेंटही असतात. ही युक्ती चांगली चालते, कारण खोलीतला जाणकार मग पेशंट ठरतो.

(दृश्य : एका पानाचा छापील फॉर्म, त्यावर हाताने लिहिलेल्या ओळी. नावं झाकलेली.)

हा सेफ्टी प्लॅन. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तयार केला आणि २००८ पासून व्हीएत रुजला. पायऱ्या सहा. वाईट वेळ येतेय हे कशावरून ओळखायचं, एकट्याने काय करायचं, कुठे जाऊन बसायचं, कुणाला फोन करायचा, कोणत्या डॉक्टरला गाठायचं आणि घर सुरक्षित कसं करायचं. फॉर्म भरायला पाच मिनिटं पुरतात आणि घाईतला रेसिडेंट पाचच मिनिटं देतो. तेव्हा कागदावर उतरतं, 'मित्रांशी बोलेन.' सीनियर ते खोडतात. कोणता मित्र? नंबर काय? रात्री दोन वाजता तो उचलेल का? उचलणार नसेल तर त्याचं नाव इथे नको. तळाशी क्रायसिस लाइन, म्हणजे अशा वेळी फोन करायची हेल्पलाइन. ९८८ फिरवायचा आणि मग १ दाबायचा. ही सेवा २००७ मध्ये सुरू झाली, ९८८ हा सोपा नंबर आला २०२२ मध्ये.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. लष्करी बराकी, लांबलचक वॉर्ड.)

व्हीएत डॉक्टर शिकवायचे, हे ठरलं १९४६ च्या जानेवारीत. दुसऱ्या महायुद्धातून लाखो सैनिक घरी परतत होते, हॉस्पिटलं भरून वाहत होती आणि डॉक्टर मिळत नव्हते. तेव्हा व्हीएचे प्रमुख होते जनरल ओमर ब्रॅडली, नॉर्मंडीत अमेरिकी फौजा उतरवणारे. त्यांच्या कारकिर्दीत ३० जानेवारीला एक छोटंसं धोरणपत्र निघालं आणि व्हीएची हॉस्पिटलं वैद्यकीय महाविद्यालयांना जोडली गेली. त्याच वर्षी कॅन्ससमधल्या टोपिका गावी, विंटर हॉस्पिटलच्या लष्करी बराकींमध्ये, कार्ल मेनिंजर यांनी शंभराच्या आसपास डॉक्टरांना एकदम मानसोपचार शिकवायला घेतलं. आज अमेरिकेतल्या सुमारे ७० टक्के डॉक्टरांच्या शिक्षणाचा काही ना काही भाग व्हीएत झालेला असतो.

शिकवण्याची सोय झाली म्हणून ऐकायची सोय झाली, असं मात्र नाही.

१९६९. बोस्टनचा व्हीए दवाखाना. सारा हेली नावाची नवी सोशल वर्कर एका पेशंटची माहिती घेत होती. व्हिएतनामहून आलेला तो तरुण सांगत होता, आमच्या तुकडीने एका गावात बायका-मुलं मारली, मी गोळी झाडली नाही, आता माझेच सोबती मला मारतील. गावाचं नाव माय लाय. तिने हे स्टाफच्या बैठकीत मांडलं. तिथे निदान आधीच ठरलं होतं, पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. पेशंट सांगतोय ते खरं असलं तर, असं तिने विचारलं, तेव्हा ज्येष्ठांनी ते हसण्यावारी नेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात माय लायची बातमी जगभर छापून आली.

हेलीने पुढे १९७४ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. चेम शॅटन, रॉबर्ट लिफ्टन हे मानसोपचारतज्ज्ञ आणि खुद्द व्हिएतनामचे माजी सैनिक यांच्याबरोबर ती झगडत राहिली. अमेरिकेच्या निदानपुस्तिकेच्या १९५२ च्या आवृत्तीत 'तीव्र ताणाची प्रतिक्रिया' असं एक निदान होतं, १९६८ च्या आवृत्तीतून ते गायब झालं होतं. म्हणजे व्हिएतनामचं युद्ध ऐन भरात असताना डॉक्टरांपाशी या दुखण्याला नावच नव्हतं. १९८० मध्ये पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, हे निदान पुस्तकात आलं. आज प्रत्येक रेसिडेंट ते दिवसातून दहा वेळा टाइप करतो. ते एका बैठकीत न हसलेल्या बाईमुळेही पुस्तकात आलं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

विचारण्याची शिस्त आता यंत्रणेतच घातली आहे. सेवेत असताना लैंगिक अत्याचार झाला का, हे व्हीएत प्रत्येक पेशंटला विचारलं जातं, बाई असो की पुरुष. उत्तर हो असेल तर त्यावरचे उपचार फुकट. सत्तरी ओलांडलेला माणूस पन्नास वर्षांत पहिल्यांदा या प्रश्नाला मान डोलावतो, तेव्हा पुढे काय बोलायचं हे मात्र संगणकाचा रिमाइंडर सांगत नाही.

उपचारांचं म्हणाल तर दोन मानसोपचार पद्धतींवर मुख्य भर आहे. एकीत ती घटना पुन्हा पुन्हा तपशिलात सांगायची. दुसरीत तिच्याभोवती बसलेले समज तपासायचे, उदाहरणार्थ 'माझ्यामुळेच तो मेला'. ही साधारण बारा भेटींची. औषधांत प्राझोसिनची गोष्ट रेसिडेंटने ऐकावी अशी आहे. मुळात ती रक्तदाबाची गोळी. सिएटलच्या व्हीएत मरे रॅस्किंड यांच्या गटाला दिसलं, की तिने युद्धाची भयस्वप्नं कमी होतात. छोट्या चाचण्यांत निकाल उत्तम आले आणि देशभर गोळी सुरू झाली. मग १३ व्हीए केंद्रांत ३०४ जणांवर मोठी चाचणी झाली. २०१८ मध्ये निकाल आला, नुसत्या साखरेच्या गोळीहून फरक नाही. तरी पेशंट सांगतात, डॉक्टर, ही बंद करू नका, हिच्यामुळे झोपतो. रेसिडेंटने कुणाचं ऐकायचं? बहुतेक जण गोळी चालू ठेवतात आणि मनातल्या मनात चाचणीची माफी मागतात. झोपेसाठी अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मागणाऱ्याला मात्र नाही म्हणावं लागतं. पीटीएसडीत त्या देऊ नका, असं मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. वीस वर्षं त्याच गोळीवर असलेल्या माणसाला ते पटवणं हे वेगळंच काम.

(दृश्य : काचेचं भांडं, आत घडी केलेल्या चिठ्ठ्या.)

व्यसनमुक्ती विभागातलं हे भांडं. कोकेन किंवा मेथ सोडू पाहणाऱ्याची लघवी तपासायची. निकाल स्वच्छ आला की चिठ्ठ्या उचलायच्या. काहींवर नुसतं 'शाब्बास', काहींवर व्हीएच्या कँटीनचं कूपन. सलग स्वच्छ राहाल तशा चिठ्ठ्या वाढतात. २०११ पासून व्हीएने ही पद्धत देशभर नेली. नवा रेसिडेंट पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला हा पोरखेळ वाटतो. पण उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनावर अजून खात्रीचं औषध नाही आणि या चिठ्ठ्यांचा उपयोग होतो.

आता पैशाचं. याबद्दल कॉलेजात कुणी शिकवत नाही. सेवेमुळे झालेल्या मनोविकाराला व्हीए अपंगत्वाचे टक्के देते. ०, १०, ३०, ५०, ७० किंवा १००. टक्क्यांवर दरमहा भरपाई ठरते. टक्के ठरवणारे तपासनीस वेगळे असतात, पण ते केसपेपर वाचतात. म्हणून 'आज बरं वाटतंय' असं डॉक्टरने लिहिलं की काहींच्या पोटात गोळा येतो. घरभाडं त्या पैशांवर चालतं. हा खोटं बोलतोय का, असा संशय रेसिडेंटला पहिल्या वर्षी येतोच. आमच्या मते दोष माणसाचा कमी आणि मांडणीचा जास्त आहे. बरं होण्याची भीती वाटावी अशी व्यवस्था करायची आणि वर त्याच्याकडे संशयाने बघायचं, हे बरोबर नाही.

(दृश्य : जून. वॉर्डाच्या फळ्यावर नावं पुसून नवी लिहिली जाताहेत.)

जूनमध्ये शेवटच्या वर्षाचे रेसिडेंट आपले पेशंट धाकट्यांकडे सोपवतात. काही जण पुढे व्हीएतच नोकरी धरतात, बाकीचे निघून जातात. माजी सैनिकाला दर एक-दोन वर्षांनी सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. शिकवणाऱ्या हॉस्पिटलात उपचार घेण्याची ही किंमत आहे आणि ती पेशंट मोजतो.

ज्याला काम कळलंय, तो हँडओव्हरमध्ये औषधांच्या यादीपलीकडचं लिहितो. कोणती गोळी का बंद केली, कोणता विषय त्याने स्वतः काढेपर्यंत काढू नये, कोणत्या महिन्यात त्याची तब्येत हमखास बिघडते. जमलं तर शेवटच्या भेटीला नव्या डॉक्टरला शेजारी बसवतो. पेशंट नव्याला नीट न्याहाळतो. आजवर त्याने पाच-सहा रेसिडेंट पाहिलेत आणि प्रत्येकाला थोडंफार तयार केलंय. नाव कसं उच्चारायचं ते दोनदा विचारून घेतो, गाव कुठलं ते विचारतो आणि मग कामाचं बोलतो. पुढची तारीख बुधवारची नको, बुधवारी त्याची ग्रुप थेरपी असते.