बाप आधी सापडतो

नमस्कार. संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं की भेटीचे किस्से सांगा, लोकांना आवडतात. सांगतो, पण थोडे. भेटीचे व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलेले असतात, एअरपोर्टवर नावाचा बोर्ड धरून उभं असलेलं खानदान, मग मिठी, रडारड, मागे हळवं म्युझिक, आणि तिथे व्हिडिओ संपतो. मी राहतो अमेरिकेत, सॅन होजेला, तिथे व्हिएतनामी लोक इतके आहेत की अख्खे बाजार त्यांचेच, आणि एका सहकाऱ्याच्या नादाने मी या कामात ओढला गेलो. माझं काम रुक्ष आहे. व्हिएतनाम युद्धात आईवडिलांपासून तुटलेली मुलं, म्हणजे आता पन्नाशी-साठीची माणसं, त्यांचे डीएनए टेस्टचे रिझल्ट आले की कोण कुणाचं काय लागतं ते बसून जुळवायचं. एक्सेल शीट आणि फोन, एवढंच.

आणि हे करताना पहिली गोष्ट काय दिसते, तर बाप आधी सापडतो.

कसं ते सांगतो, पण त्याआधी ही मुलं कोण ते जरा बघू. ढोबळमानाने दोन गट आहेत. पहिला, एप्रिल १९७५ मध्ये विमानाने बाहेर नेलेली लहान मुलं. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सैगॉन पडणार हे दिसायला लागलं तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड यांनी ३ एप्रिलला जाहीर केलं की अनाथाश्रमातली मुलं उचलून आणायची, वीस लाख डॉलर बाजूला काढले, आणि ऑपरेशन बेबीलिफ्ट सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी पहिलं मोठं लष्करी विमान, सी-५ गॅलेक्सी, तान सोन न्युत विमानतळावरून उडालं, काही मिनिटांत मागचा दरवाजा उडून गेला, वैमानिकाने कसंबसं परत वळवलं पण धावपट्टीपर्यंत पोचलं नाही, भातशेतात कोसळलं. १३८ माणसं गेली, त्यात ७८ मुलं. तरी उड्डाणं थांबली नाहीत, महिना संपेपर्यंत अडीच हजारांहून जास्त मुलं अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, युरोपात पोचली. दुसरा गट म्हणजे अमेरिकन सैनिकांपासून झालेली आणि व्हिएतनाममध्येच मागे राहिलेली मुलं. शाळेत मार खाणारी, रस्त्यावर वाढलेली. त्यांच्यासाठी अमेरिकेने कायदा केला १९८७ च्या डिसेंबरात, म्हणजे युद्ध संपून बारा वर्षं झाल्यावर, आणि त्या कायद्याखाली पंचवीस हजारांच्या आसपास मुलं, खरं तर तोवर तरुण झालेली, अमेरिकेत आली. पुरावा म्हणून बऱ्याच जणांकडे फक्त स्वतःचा चेहरा होता. सोनेरी केस, निळे डोळे किंवा काळी कातडी, बस. मग काय, पैसेवाल्या कुटुंबांनी अशी पोरं अक्षरशः विकत घेतली, आमचाच मुलगा म्हणून मुलाखतीला उभं केलं, आणि अमेरिकेत उतरल्यावर दिलं सोडून. असंही झालंय.

आता 'अनाथ' या शिक्क्याबद्दल बोलतो, कारण सगळा गुंता तिथून सुरू होतो. त्या काळात दक्षिण व्हिएतनाममध्ये अनाथाश्रम म्हणजे आईबाप मेलेल्या मुलांचीच जागा, असं नव्हतं. नवरा लढाईवर, गावात बॉम्ब पडतायत, हातात पैसा नाही, तर बाई मूल ननकडे ठेवायची आणि जमेल तसं भेटायला यायची. बरं झालं की घेऊन जाईन, हा हिशोब. पुढे अफवा पसरली की कम्युनिस्ट येतील आणि गोऱ्यांची पोरं असलेल्या बायकांना सोडणार नाहीत, त्या घाबरून काहींनी स्वतः मूल नेऊन दिलं. काहींनी सही केली, काहींनी अंगठा उठवला, काहींना कुणी विचारलंच नाही. सॅन फ्रान्सिस्कोला प्रेसिडिओच्या लष्करी तळावर ही मुलं उतरवली तेव्हा एक व्हिएतनामी नर्स तिथे होती, तिने जरा मोठ्या मुलांशी त्यांच्या भाषेत बोलायला सुरुवात केली तर पोरं म्हणायला लागली, आमची आई आहे, आम्हाला घरी जायचंय. त्यावरून २९ एप्रिलला कोर्टात केस झाली, ज्यांचे आईबाप जिवंत आहेत ती मुलं परत द्या म्हणून. सामूहिक दावा म्हणून ती केस टिकली नाही. मुलं वाटली गेली होती, नवी नावं लागली होती, आणि पुढचं सगळं त्या नव्या नावांवर चालत राहिलं.

कागदांची अवस्था काय सांगू. जन्मतारीख दात बघून लावलेली. नाव ननने ठेवलेलं. एका मुलाची फाईल तयार, आणि ते मूल तापाने गेलं, तर त्याच फाईलवर दुसरं मूल पाठवलेलं. म्हणजे आज एखादी बाई पन्नास वर्षं ज्या नावाला आपलं मूळ नाव समजून कवटाळून बसलीये, ते नाव दुसऱ्याच कुणाचं असू शकतं.

आणि तिकडे आईची बाजू बघा. सैगॉन पडल्यावर ज्या बायकांचा अमेरिकनांशी काही म्हणता काही संबंध होता त्यांनी फोटो जाळले, पत्रं जाळली, मुलाच्या जन्माचा दाखला जाळला. ते घरात सापडणं म्हणजे आफत. शहरातल्या लाखो लोकांना 'नवे आर्थिक विभाग' म्हणून रानात शेती करायला पाठवलं, त्यामुळे पत्ते गेले. रस्त्यांची नावं बदलली, सैगॉनचंच नाव १९७६ मध्ये बदललं. जिल्हे-प्रांतांचं तर विचारू नका. विन्ह लाँग आणि त्रा विन्ह हे मेकाँगच्या खोऱ्यातले दोन प्रांत, १९७६ मध्ये एकत्र करून कुऊ लाँग नावाचा एकच प्रांत केला, १९९२ मध्ये पुन्हा तोडले, आणि २०२५ मध्ये बेन त्रे धरून पुन्हा जोडले. आता कुणाच्या दत्तकपत्रावर 'विन्ह लाँग' एवढंच लिहिलेलं असेल तर शोधा.

तर डीएनए. अमेरिकेत नाताळात लोक एकमेकांना डीएनए किट भेट देतात, आपण किती टक्के आयरिश ते बघायला. त्यामुळे त्या कंपन्यांच्या डेटाबेसमध्ये कोट्यवधी अमेरिकन बसलेत. सैनिकापासून झालेल्या मुलीने थुंकी पाठवली की काही आठवड्यांत ओहायोतली चुलत बहीण निघते, तिचा काका व्हिएतनामला होता, कुठल्या साली होता, काका गेला असेल तर त्याची मुलं, सगळं धडाधड. म्हणजे जो माणूस एक वर्षाची ड्युटी करून निघून गेला, ज्याला बऱ्याचदा मूल झाल्याचा पत्ताही नव्हता, तो दोन महिन्यांत सापडतो. आणि जिने नऊ महिने पोटात वाढवलं, जी पन्नास वर्षं दर टेटला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, एक वाटी जास्त मांडते, ती सापडत नाही. का, तर तिने कधी त्या नळीत थुंकलंच नाहीये. तिला कोण आणून देणार ती नळी? तिथे ती दुकानात मिळत नाही, साइट इंग्रजीत, पैसे डॉलरमध्ये. माझं म्हणणं एवढंच आहे की शोधाचं हे सगळं यंत्र मुलाच्या सोयीने उभं केलेलं आहे, आईच्या नाही, आणि आपण मात्र म्हणत राहतो की आई शोधत का नाही आली. तिने काय करायचं होतं? टीव्हीवर एक कार्यक्रम होता, २००७ पासून बरीच वर्षं चालला, हरवलेली माणसं शोधून देणारा, त्याला पत्रांचा ढीग पडायचा. शोधत होत्या त्या. त्यांच्या हातात जे होतं त्याने शोधत होत्या.

म्हणून आमच्यातले काही लोक सुट्टीत जाताना बॅगेत किट भरून नेतात. मी पण नेलीयेत. मेकाँगच्या एका फाट्यावर घर होतं, पत्र्याचं, पुढे नारळ, आत शिरलं की समोर पूर्वजांचं टेबल, फोटो, उदबत्त्या. म्हाताऱ्या माणसांना नळीभर थुंकी येत नाही हो, तोंड कोरडं पडलेलं असतं, म्हणून गालाच्या आतून काडी फिरवायचं किट न्यायचं. ही आजी पान खाणारी. आधी चूळ भरा, मग तासभर काही खायचं नाही, असं दुभाष्याने सांगितलं तर तिने पानाचा डबा उचलून सुनेकडे दिला आणि म्हणाली लांब ठेव, दिसला तर हात जाईल. मग तासभर आम्ही बसलो. नवरा अंगणात, त्याला हे प्रकरण लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलेलं, तो आत आलाच नाही, पण मध्येच एकदा दारातून विचारून गेला की झालं का, चहा करू का. तिने काडी स्वतःच फिरवली, दोन्ही गालांना, सांगितल्यापेक्षा जास्तच वेळ.

जुळणं कसं कळतं तर आई आणि मूल यांच्यात साधारण ३,४०० सेंटिमॉर्गनच्या वर (सेंटिमॉर्गन म्हणजे डीएनए किती सारखा ते मोजायचं माप) डीएनए सारखा निघतो, सावत्र भावंडांत, म्हणजे आई किंवा बाप एकच असलेल्यांत, त्याच्या निम्म्याच्या आसपास. आकडा आला की वाद संपतो. जी मुलं पूर्ण व्हिएतनामी रक्ताची आहेत त्यांचं अवघड, त्यांना अमेरिकन बापाचाही आधार नाही, त्यांना बहुतेक वेळा लांबचे मामेभाऊ-चुलतभाऊ लागतात, नाहीतर दुसऱ्या देशात दत्तक गेलेलं सख्खं भावंड लागतं, एक फ्रान्समध्ये, एक अमेरिकेत, एकमेकांची भाषा येत नाही.

आता भेटीनंतरचं. दक्षिणेकडे घरात मुलांना नंबराने हाक मारतात आणि नंबर दोनपासून सुरू होतो, थोरल्याला 'दोन', मग 'तीन', 'चार'. ऑस्ट्रेलियात वाढलेली एक बाई परत गेली तर तिला कळलं की ती 'चार' आहे, आणि तिच्या पाठच्या भावाला सगळं गाव आयुष्यभर 'पाच' म्हणत आलंय. बाहेरच्यांना वाटायचं घरात तर तीनच पोरं दिसतात, चार कुठाय. तिच्या घरच्यांनी त्या विमान अपघाताची बातमी ऐकली होती आणि ती त्यातच गेली असं धरून चालले होते, त्यामुळे दर वर्षी तिथीला तिच्या नावाने जेवण व्हायचं. ती गेली तेव्हा आई म्हणाली, यंदा जेवण करायचंच, पण तू पण बस. बसली ती. ताटातल्या माशाचे काटे आई काढून देत होती आणि हिला वाटत होतं मी पन्नास वर्षांची आहे, माझे मी काढीन, पण म्हणायचं कोणत्या भाषेत.

आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी पैशाचा विषय निघतो. यावर मी जरा थांबणारे, कारण बहुतेक नाती इथे फाटतात. मोठा भाऊ म्हणतो, आईच्या औषधाला महिन्याला इतके लागतात, तू किती देशील? घराचं छप्पर करायचंय. भाचीला शिकायला पाठवायचंय. अमेरिकेत वाढलेल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो, त्याला वाटतं अच्छा, म्हणजे यांना मी नको होतो, माझं पाकीट हवं होतं. रडत हॉटेलवर जातो, फ्लाईट बदलतो. मी अशांना सांगतो, बाबा रे, कोकणातल्या घरी मुंबईच्या चाकरमान्याची मनीऑर्डर यायची ना, ती काय मागून यायची? त्या घरात जो बाहेर आहे तो पाठवतो, हा नियम आहे, व्हिएतनाममध्ये बाहेरून दरवर्षी एक हजार कोटी डॉलरच्या वर पैसा येतो तो असाच येतो. त्यांनी तुझ्याकडे मागितलं याचा अर्थ त्यांनी तुला घरातला धरलं. पाहुण्याकडे कुणी छपराचे पैसे मागत नाही.

पण हेही खरं की सगळेच मागणारे घरचे नसतात. टेस्टच्या आधी पैसे मागणारा 'भाऊ' फोनवर भेटला तर सावध राहा, जुनी कागदपत्रं बघून गोष्ट रचणारे लोक आहेत, आणि एकाच मुलावर दोन-दोन आया दावा करतात तेव्हा दोघीही खोटं बोलत असतात असंही नाही, दोघींनीही त्याच आश्रमात त्याच महिन्यात मूल ठेवलेलं असतं. म्हणून आधी टेस्ट, मग तिकीट. आणि घरचे निघाले की किती द्यायचं ते पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून टाका, जमेल तेवढंच, पण दर महिन्याला. एकदम मोठी रक्कम देऊन गायब होणं सगळ्यात वाईट, त्याने भावंडांत भांडणं लागतात.

मघाशी चिठ्ठी आली की आपल्याकडच्या मुलांचं काय, पुण्या-मुंबईतून सत्तर-ऐंशीच्या दशकात स्वीडन, हॉलंड, जर्मनीला दत्तक गेलेली आहेत. चांगला प्रश्न आहे. आपल्याकडे परदेशी दत्तकाला शिस्त आली ती मुख्यतः १९८४ च्या सुप्रीम कोर्टाच्या लक्ष्मीकांत पांडे निकालापासून, त्याआधीचे कागद तसेच कच्चे. पण युद्ध नव्हतं, कुमारी मातेची लाज होती, त्यामुळे आई जिवंत असली तरी तिला उघड होणं परवडेलच असं नाही. तिच्या दारात थेट जाऊन उभं राहू नये, एवढंच मी म्हणेन, आधी कुणातरी समजूतदार बाईमार्फत निरोप.

आणि शेवटची चिठ्ठी, टेस्ट करूनही कुणीच जुळलं नाही तर? बहुतेकांचं असंच होतं. रिझल्ट एकाच कंपनीत ठेवू नका, डेटा फाईल डाऊनलोड करून दुसरीकडेही चढवा, आणि वर्षातून एकदा तरी लॉगिन करून बघा. तिकडच्या आया आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत, काही गेल्या, पण त्यांच्या नाती-नातू आता सॅन होजेला, सिडनीला शिकायला येतायत आणि हौस म्हणून टेस्ट करतायत, मॅच तिथून लागतो. दहा वर्षांनी पण लागेल. तोवर आपण असू-नसू, म्हणून अकाउंटचा पासवर्ड मुलांकडे देऊन ठेवा.