दोन ओळींचं उत्तर

श्रोतेहो, नमस्कार.

अनोळखी माणसाकडे मेसेजवरून सल्ला कसा मागावा, याबद्दल आज थोडं बोलते. मी वकिली करते. सकाळी कोर्टात निघण्याआधी फोन उघडला की अनोळखी नंबरांवरून आलेले चार-पाच मेसेज दिसतात. त्यातला एक हमखास असा: 'नमस्कार मॅडम.' बस्स, पुढे काही नाही. मी 'नमस्कार, बोला' म्हणायचं, मग तिकडून 'बिझी आहात का?' येणार. या रामरामातच दुपार होते आणि प्रश्न मात्र अजून उंबऱ्याबाहेरच. दुसरा प्रकार व्हॉइस मेसेजचा, चार-चार मिनिटांचा. लिहिलेल्यावरून नजर तरी फिरवता येते. ऐकायचं म्हटलं की चार मिनिटं द्यावीच लागतात, आणि नेमका मुद्दा शेवटच्या अर्ध्या मिनिटात असतो!

उत्तर आलं नाही की लोक म्हणतात, मोठी माणसं शिष्टच. असतात काही, मी नाही म्हणत नाही. पण 'कृपया मार्गदर्शन करावे' याला उत्तर तरी काय द्यायचं? आधी तुमचा प्रश्न मीच शोधून काढायचा, मग त्याचं उत्तर. असा मेसेज 'रात्री निवांत बघू' म्हणून मागे पडतो. ती निवांत रात्र काही येत नाही.

मध्यंतरी एका तरुणाचा मेसेज आला. तो जवळजवळ तसाच सांगते. 'मी भाड्याचं घर सोडून तीन महिने झाले. करारात महिन्याच्या नोटिशीची अट होती, ती मी पाळली, तसा ईमेल माझ्याकडे आहे. तरी मालक अनामत रक्कम देत नाहीत. दोनदा फोन केला, एकदा भेटलो. आता आधी लेखी नोटीस पाठवू, की तुम्हाला येऊन भेटू? भेटायचं असल्यास फी सांगावी.' काय घडलं, त्यानं स्वतः काय करून पाहिलं, आणि माझ्यापुढे दोनच पर्याय. मी जिना उतरता उतरता उत्तर दिलं: आधी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत द्या. फीचा विषय त्यानंच काढला होता, हेही मला आवडलं. सल्ला देणं हेच ज्याचं काम, त्याच्याकडे ते फुकट मागताना निदान एवढं तरी विचारावं.

या बाबतीत मला नेहमी एक जुनं पत्र आठवतं. 16 जानेवारी 1913. मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातल्या एका कारकुनानं केंब्रिजच्या हार्डी या गणितज्ञाला ते लिहिलं. ओळखदेख काही नाही. मी कोण, कुठे नोकरी करतो, पगार किती, हे पहिल्याच वाक्यात. विद्यापीठाचं शिक्षण झालेलं नाही, हेही सरळ सांगून टाकलेलं. मग, तुमच्या पुस्तिकेच्या 36व्या पानावर अमुक विधान आहे, त्याबाबत मला असं सापडलंय. सोबत सूत्रांची पानं, आणि शेवटी मागणं, की हे वाचून पाहा, काही मोल वाटलं तर छापून यावं अशी इच्छा आहे. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. त्याआधी केंब्रिजच्याच दोघांकडून त्यांना मदत मिळाली नव्हती. हार्डींचं उत्तर 8 फेब्रुवारीला निघालं. रामानुजनांची बुद्धी कुठून आणायची, हे खरंच. पण तो पान क्रमांक? तो कुणालाही देता येतो. 'तुमचं काम फार थोर आहे' या वाक्यापेक्षा त्याचं वजन कितीतरी जास्त, कारण तो वाचल्याशिवाय लिहिता येत नाही.

उत्तर नाहीच आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करावी, जुना मेसेज खाली जोडून. 'माझा मेसेज पाहिलात का?' एवढंच विचारलं तर समोरच्याला पुन्हा शोधाशोध. दुसऱ्यांदाही शांतता असेल तर दुसरं दार बघावं. आणि एकच प्रश्न पाच जणांना पाठवला असेल तर तसं सांगून टाकावं. आम्ही वकील मंडळी चहाला एकत्रच बसतो, कळतंच.

त्या तरुणाचं सांगायचं राहिलं. तीनेक आठवड्यांनी त्याचा मेसेज आला: 'मॅडम, नोटीस पाठवली, काल पैसे जमा झाले.' तोवर त्याचा नुसता नंबरच दिसत होता. मी तो नावानं सेव्ह केला.