नदीची यादी आणि गावाची वही

श्रोते हो, नमस्कार.

मराठवाड्यात अतिवृष्टी झाली की एक वाद हमखास उभा राहतो. महसूल मंडळाचा पर्जन्यमापक एका गावात असतो, पाऊस कोसळतो दुसऱ्याच शिवारात, आणि यंत्रावर चोवीस तासांत 65 मिलिमीटरची नोंद झाली नाही म्हणून ज्यांची माती वाहून गेली त्यांचे नाव नुकसानभरपाईच्या यादीत येत नाही. प्रदूषित पाण्याची यादीही अशीच, जिथे मोजले जाते तेवढ्यापुरतीच तयार होते. फरक इतकाच की पर्जन्यमापकासाठी आपण तहसीलवर मोर्चा नेतो, आणि आपल्या नदीचा नमुना कुठे घेतला जातो, किंबहुना घेतला जातो की नाही, याची चौकशीही कोणी करत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातील 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांतील 53 महाराष्ट्रातील होते. 2022 च्या अहवालात देशाचा आकडा 311 वर उतरला, महाराष्ट्राचा मात्र 55 झाला. दोन्ही वेळा आपलेच राज्य आघाडीवर राहिले. 2018 च्या यादीत गोदावरीचा पट्टा नाशिकच्या सोमेश्वरापासून थेट नांदेड जिल्ह्यातील राहेरपर्यंत धरलेला आहे. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू जो प्राणवायू खर्च करतात, त्याचे प्रमाण लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या वर गेले की पट्टा प्रदूषित, आणि 30 च्या वर गेले की पहिल्या प्राधान्याचा, अशी ही कसोटी आहे. ती ठरलेल्या केंद्रांवरील नमुन्यांनाच लागते. ज्या ओढ्यात मंडळाची बाटली कधी बुडालीच नाही, तो या यादीपुरता निर्मळ ठरतो. आणि जिथे जास्त ठिकाणी मोजतात तिथे पट्टेही जास्त सापडणार, हेही आकड्यांची तुलना करताना विसरू नये.

अमेरिकेत या बाबतीत कायद्याने एक वाट काढलेली आहे. तेथील 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्यानुसार प्रत्येक राज्याला दर दोन वर्षांनी आपल्या दूषित जलाशयांची यादी केंद्राकडे द्यावी लागते, आणि ती करताना सहज मिळू शकणारी सर्व माहिती विचारात घ्यावी लागते. म्हणून राज्ये यादीपूर्वी जाहीर आवाहन करतात आणि विद्यापीठे, मच्छीमार, नदीकाठचे रहिवासी आपापल्या मोजण्या पाठवतात. मला त्यातील महत्त्वाची वाटते ती पुढची अट : एखादी माहिती वापरायची नाही असे राज्याने ठरवले, तर का नाही याचे कारण त्याला लेखी द्यावे लागते. आपल्याकडे लोकांनी पाठवलेल्या नोंदी नदीपट्ट्यांच्या यादीसाठी अशा रीतीने मागवल्या जात नाहीत. हे बदलावे असे माझे स्पष्ट मत आहे, पण तोवर हात बांधून बसण्याचेही कारण नाही.

मराठवाड्यात तर लोकांच्या नोंदीची गरज अधिक आहे, कारण आपल्या बहुतेक नद्या चार महिने वाहतात आणि आठ महिने थांबतात. ऑगस्टमध्ये पुराच्या पाण्यात जे सांडपाणी दिसतही नाही, तेच मार्चमध्ये नदीच्या नावाखाली पात्रात साचून असते. वर्षाची सरासरी काढली की हा मार्च ऑगस्टमध्ये विरून जातो. गळीत हंगामात मळीमिश्रित पाणी ओढ्याला आले, विहिरीचे पाणी तांबूस झाले, अशी तक्रार अनेक शिवारांत ऐकू येते. मात्र ती कोणत्या तारखेची, कोणत्या गटातील विहिरीची, असे विचारले की उत्तर येते, ‘दरसालच होतं की.’ दरसाल होणाऱ्या गोष्टीची एकाही वर्षाची लेखी नोंद नसते, आणि मग पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला त्या दिवशी जे दिसते तेच अहवालात उतरते.

नोंद कशी असावी, हे थोडे सविस्तर सांगतो. समजा, बंधाऱ्यात पहाटे मासे मरून तरंगू लागले. शेवाळाने भरलेल्या पाण्यात दुपारी ऊन असताना प्राणवायू भरपूर असतो आणि रात्रभर तो खर्च होत होत सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी होतो. त्यामुळे दुपारी तीनला घेतलेला नमुना ‘पाणी उत्तम’ असे सांगेल आणि पहाटे पाचचा नमुना माशांच्या मरणाचे कारण सांगेल. वेळ लिहिलेली नसेल तर दोन्ही निरुपयोगी. नमुना काठावरच्या गढूळ पाण्यातून घेऊ नये. वाहत्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभे राहावे, बाटली पृष्ठभागाच्या वीतभर खाली न्यावी आणि तळचा गाळ ढवळू देऊ नये. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने आधी विसळतात, परंतु जिवाणूंसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटली मुळीच विसळायची नाही. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून, दोन दिवस मोटारसायकलच्या डिकीत ठेवून आणलेले पाणी प्रयोगशाळेने नाकारले, तर राग मानू नये. नमुना बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावा. सोबत जागा, तारीख, वेळ, आधीच्या दोन-तीन दिवसांतील पाऊस, रंग, वास, फेस आणि वर कोणता नाला मिळतो, हे लिहावे.

आणखी एक पथ्य असे की पाणी घाण दिसले तेव्हाच नमुना घ्यायचा, ही सवय मोडावी. एकाच जागी दर महिन्याला, चांगले पाणी असतानाही मोजलेले असेल, तरच बिघाड केव्हा सुरू झाला ते कळते.

यासाठी लागणारी माणसे गावात आहेतच. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना साध्या तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या संचातील कुपीत पाणी भरून ठेवले आणि ते एक-दोन दिवसांत काळे पडले, तर विष्ठेतील जिवाणूंचा संशय धरतात. नायट्रेट रंगावरून ओळखतात, आणि ते लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर नको असे पिण्याच्या पाण्याचे मानक सांगते. परंतु हे सारे नळ, विहीर आणि हातपंप यांच्यासाठी आहे. नदीचे खाते प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, पिण्याच्या पाण्याचे खाते दुसरीकडे, आणि गोदाकाठच्या अनेक गावांची पाणीपुरवठ्याची विहीर तर नदीच्याच कडेला! त्याच महिलांनी विहिरीसोबत डोहाचीही नोंद ठेवली, तर दोन खात्यांनी वेगळे केलेले पाणी निदान गावाच्या वहीत तरी एकत्र येईल.

आपला नमुना न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे ध्यानात असू द्यावे. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याप्रमाणे तो मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने घ्यावा लागतो. तो अधिकारी कोठे आणि केव्हा आला पाहिजे, हे मात्र आपली वही सांगू शकते. म्हणून अर्ज मोघम न करता नोंदींचे पान जोडून मंडळाच्या जवळच्या कार्यालयात द्यावा आणि त्याची तारीखवार पोच घ्यावी. त्याच कायद्याच्या कलम 49 नुसार मंडळाला किमान साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो, आणि त्याने मागणी केल्यास संबंधित अहवाल मंडळाने त्याला उपलब्ध करून द्यायचे असतात. ते साठ दिवस मोजायला त्या नोटिशीच्या पोचेवरची तारीखच लागते.

नमस्कार.