बडतर्फ इंजिन ड्रायव्हर

श्रोतेहो, नमस्कार. प्रजासत्ताक होऊ घातलेल्या भारताला राष्ट्रकुलात राहता यावे, असा तोडगा एप्रिल १९४९मध्ये लंडनच्या ज्या परिषदेत निघाला, तिथे पंडित नेहरूंप्रमाणेच ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बेन चिफलीही उपस्थित होते. घोगऱ्या आवाजाचा, पाइप ओढणारा हा माणूस बत्तीस वर्षांपूर्वी रेल्वेतून बडतर्फ झालेला इंजिन ड्रायव्हर होता, आणि आज मला त्या बडतर्फीविषयीच बोलायचे आहे.

चिफली हे न्यू साउथ वेल्समधल्या बाथर्स्टच्या एका लोहाराचे चिरंजीव. बालपणीची बरीच वर्षे आजोबांच्या शेतावर गेली. तिथे कुडाच्या भिंती होत्या, मातीची जमीन होती आणि निजायला भुशाच्या पोत्यांचे अंथरूण होते. १९०३ साली ते बाथर्स्टच्या लोको शेडमध्ये पोऱ्या म्हणून लागले, मग इंजिने पुसू लागले, फायरमन होऊन भट्टीत कोळसा मारू लागले आणि १९१४ साली पहिल्या श्रेणीचे ड्रायव्हर झाले. ही चढण सांगायला एक वाक्य पुरते. पण तिच्यामागे दिवसा तेलाने माखलेले हात आणि रात्री तंत्रशाळेतले वर्ग, अशी अकरा वर्षे आहेत.

१९१७ साली सिडनीच्या रेल्वे कारखान्यांत नवी कार्डे आली. कोणत्या कामाला कोणी किती वेळ घेतला, याची नोंद त्यांवर व्हायची, आणि माणसांना घाण्याला जुंपण्याचा हा डाव आहे, हे कामगारांनी ओळखले. ड्रायव्हरांचा त्या कार्डांशी थेट संबंध नव्हता. तरीही चिफली संपात उतरले. सरकारने बाहेरून माणसे आणून संप मोडला. चिफली बडतर्फ झाले, आणि पुढे परत घेतले गेले ते खालच्या हुद्द्यावर, ज्येष्ठता गमावून. रेल्वेत ज्येष्ठता गमावणे म्हणजे काय, हे रेल्वेच्या वसाहतीत वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको. पगार एक वेळ पुन्हा वाढतो, यादीतली जागा परत मिळत नाही.

पुढे त्यांनी इंजिन कामगारांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला, १९२८ साली ते संसदेत गेले, १९३१ साली पडले, १९४० साली परत आले, अर्थमंत्री झाले आणि पंतप्रधान कर्टिन यांच्या निधनानंतर जुलै १९४५मध्ये पंतप्रधान. १९१७च्या संपकऱ्यांना थोड्या उदारपणे वागवले असते, तर मी या सभागृहात दिसलोच नसतो, अशा आशयाचे बोल त्यांनी पुढे संसदेतच ऐकवले. मला त्यात बढाईपेक्षा जुना सल अधिक ऐकू येतो.

म्हणूनच १९४९चा हिवाळा, ऑस्ट्रेलियात तो जून ते ऑगस्ट असतो, समजून घेणे अवघड जाते. जूनच्या अखेरीस सुमारे २३,००० कोळसा कामगारांनी संप पुकारला आणि सिडनीची वीज व गॅस यांवर गदा आली. चिफलींना या संपामागे कम्युनिस्टांचा हात दिसत होता, आणि तो अगदीच भास नव्हता. त्यांच्या सरकारने संपकऱ्यांना पैशाची मदत करणे बेकायदा ठरवणारा कायदा केला, संघटनेच्या नेत्यांना तुरुंगात धाडले, आणि ऑगस्टच्या आरंभी खाणींत चक्क सैनिक उतरवले. ज्याने स्वतः भट्टीत कोळसा मारला होता, त्याच्याच हुकमाने आता सैनिक तो उपसत होते. संप सात आठवड्यांत मोडला. पंतप्रधानांपुढे अंधारलेली शहरे होती, हे मान्य. पण १९१७चे सरकारही आपल्या बाजूने असेच काहीसे सांगत असणार, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

डिसेंबरमध्ये मतदारांनी त्यांच्या मजूर पक्षाला सत्तेवरून खाली खेचले. चिफली विरोधी पक्षनेते झाले, पण त्यांना सामान हलवावे लागले नाही. कॅनबेरात पंतप्रधानांसाठी निवासस्थान असूनही ते सारी वर्षे संसदेजवळच्या कुराजाँग हॉटेलातल्या साध्या खोलीतच राहत होते.