ओळख पटली नाही तर

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली एक छोटी पेशी मोठ्या पेशीला चिकटते.)

ही बारकी, गोल पेशी पाहा. स्वतःपेक्षा कितीतरी मोठ्या पेशीला ती जाऊन बिलगली आहे. ही नॅचरल किलर पेशी, म्हणजेच एनके. रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ५ ते १५ टक्के याच असतात. समोरच्या पेशीला मारायचं की सोडायचं, याचा निर्णय ती आत्ता घेते आहे. आणि तो घेते ती चाचपून.

१९७५च्या सुमारास या पेशींचा शोध लागला, तेव्हा त्यांनी संशोधकांना बुचकळ्यात टाकलं. आधी कधीच सामना न झालेल्या कर्करोगाच्या पेशीही त्या मारत होत्या. मग निरोगी पेशी त्यांच्या तावडीतून सुटतात कशा?

स्वीडनमधले संशोधक क्लास कॅरे यांनी हा प्रश्न उलटा करून पाहिला. एनके पेशी काय शोधते, यापेक्षा तिला काय सापडत नाही, याकडे त्यांनी लक्ष दिलं. आपल्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर एमएचसी वर्ग एक नावाचे रेणू असतात. माणसात त्यांना एचएलए म्हणतात. १९८६ साली कॅरे आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की, हे रेणू गमावलेल्या कर्करोगपेशींचाच एनके फडशा पाडतात.

(दृश्य: दोन पेशींमधली फट, खूप जवळून.)

आता या फटीत उतरू. एनकेच्या अंगावर केआयआर नावाचे रिसेप्टर, म्हणजे समोरचे रेणू ओळखून पकडणारी प्रथिनं आहेत. समोरच्या एचएलएवर ते बसले, की एनकेच्या आतल्या बाजूला रिसेप्टरच्या शेपटीजवळ फॉस्फेटेज नावाचे एन्झाइम गोळा होतात आणि पेटू पाहणारे संदेश जागीच विझवतात. एचएलए नसेल, तर हा लगाम सैल पडतो.

पण लगाम सैल पडला म्हणजे घोडा धावलाच असं नाही. आपल्या तांबड्या पेशींवर एचएलए जवळजवळ नसतंच, तरी त्यांना कोणी हात लावत नाही, कारण एनकेला चिथावणारं त्यांच्यावर काही नाही. चिथावणी वेगळ्या लिगँडकडून, म्हणजे रिसेप्टरला जाऊन बसणाऱ्या रेणूंकडून येते. पेशी तणावाखाली आली, कर्करोगाकडे झुकली, तर ती मायका आणि मायकबी ही प्रथिनं वर आणते. एनकेजी२डी हा रिसेप्टर ती पकडतो. दोन्ही बाजूंच्या संदेशांचं वजन होतं, आणि पारडं कलतं. मग एनकेच्या आतल्या सूक्ष्म कणिका फटीकडे सरकतात, त्यांतलं परफोरिन हे प्रथिन समोरच्या आवरणाला छिद्रं पाडतं, ग्रँझाइम नावाचे एन्झाइम आत शिरतात आणि पेशी मरते.

सायटोमेगॅलो विषाणूची चाल बघताना मला दरवेळी थक्क व्हायला होतं. टी पेशी या दुसऱ्या रक्षक पेशी संसर्ग ओळखतात तो एचएलएवरूनच. त्यांच्यापासून लपण्यासाठी हा विषाणू एचएलए पृष्ठभागावरून काढून टाकतो. त्यामुळे तो एनकेच्या तोंडी सापडायला हवा. पण त्याच्या यूएल४० या प्रथिनाचा एक तुकडा एचएलए-ई या रेणूला वर टिकवून ठेवतो, आणि एनकेचा दुसरा लगाम, एनकेजी२ए, तो पाहून शांत राहतो. शिवाय त्याचंच यूएल१६ हे प्रथिन मायकबीला पेशीच्या आतच अडकवून ठेवतं. लगाम खोटा लावला, चिथावणी लपवली. दोन्ही बाजूंनी बंदोबस्त!

यात आनुवंशिकतेचाही एक पेच आहे. केआयआरची जनुकं १९व्या गुणसूत्रावर, एचएलएची ६व्या. दोन्ही वारसे वेगवेगळे येतात, त्यामुळे कधीकधी एखाद्याच्या केआयआरला दुसऱ्याच्या शरीरात जोडीदार एचएलए सापडतच नाही.

(दृश्य: अस्थिमज्जेच्या पेशी.)

२००२ साली इटलीतल्या पेरूजिया गटाने हीच विसंगती कामी येते असं दाखवलं. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना, एचएलए अर्धंच जुळणाऱ्या नातेवाइकांच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी दिल्या होत्या. जिथे दात्याच्या एनके पेशींना रुग्णाच्या पेशींवर आपला ओळखीचा एचएलए मिळाला नाही, तिथे त्यांनी उरलेल्या ल्युकेमियावर हल्ला केला, आणि आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं. रुग्णाच्या निरोगी ऊतींना मात्र त्यांनी मोठी इजा केली नाही.