शिट्टी मारली की अँपिअर किती?

(दृश्य: ग्रँट रोड स्टेशन, पूर्वेचा जिना. सकाळचे साडेदहा. रस्त्यावर शटर वर जातायत.)

कागदोपत्री या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा, तो तुमच्या तोंडाकडेच बघत बसेल. सगळ्या मुंबईसाठी हा लॅमिंग्टन रोड. कपाटाएवढ्या दुकानांत भिंतभर छोटे ड्रॉवर, त्यात रेझिस्टर, कपॅसिटर, क्रिस्टल, आयसी, आणि गल्ल्यावरचा माणूस नुसता नंबर ऐकून नेमका ड्रॉवर ओढतो, मला हे बघायला अजूनही आवडतं. मी आज इथे आलोय माझ्या हाताने जुळवलेल्या रेडिओच्या एका मॉसफेटसाठी, म्हणजे एका जातीच्या ट्रान्झिस्टरसाठी, नंबर आयआरएफ५१०. तीन आठवड्यांत हा तिसरा.

आधी सांगतो हा लागतो कशाला.

(दृश्य: टेबलावर उघडा रेडिओ. तांब्याच्या बोर्डावर खुलं सर्किट.)

हा माझा ट्रान्सीव्हर, म्हणजे ऐकायचं आणि बोलायचं दोन्ही एकाच डब्यात. ७ मेगाहर्ट्झवर चालतो, ज्याला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, चाळीस मीटर म्हणतात, ताकद पाच वॅट, म्हणजे घरातल्या नाइट लॅम्पएवढी. एवढ्या कमी ताकदीवर काम करणं याला क्यूआरपी म्हणतात. अर्थात लायसन्स लागतं, डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस खात्याची, परीक्षा देऊनच हे करायचं, त्यात तडजोड नाही. सर्किट आहे बिटेक्स पद्धतीचं. ते हैदराबादच्या अशर फरहान यांचं डिझाइन, आणि त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो: पार्ट असे वापरायचे जे आपल्या गावातल्या दुकानात मिळतील. सुरुवातीच्या डिझाइनमध्ये तर कॉइल गुंडाळायला नळाचं वॉशर वापरलेलं. नंतर २०१६ मध्ये बिटेक्स४० हा तयार बोर्ड आला, त्याच्या कॉइल हैदराबादमधल्या बायकांच्या गटाने हाताने गुंडाळलेल्या. माझा मात्र तयार बोर्ड नाही, मी एक एक स्टेज करत स्वतः जुळवलाय, म्हणजे यात जे काही चुकलंय ते माझ्याच हातून.

मे महिन्यात हा छान चालत होता. जुलैमध्ये पाऊस लागला आणि याचा आवाज बसला. ऐकायला सगळं नीट, कोल्हापूर ऐकू येतंय, हैदराबाद ऐकू येतंय, पण मी हाक मारली की कोणी ओ देईना. मीटर लावून बघितलं तर कधी पाच वॅट, कधी अर्धा वॅट. मी म्हटलं फायनल गेला. शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर म्हणजे फायनल, आणि सगळ्यांत आधी संशय त्याच्यावरच जातो. बदलला. दोन दिवस चालला, परत तेच. परत बदलला.

(दृश्य: गिरगावातली चाळ, दुसरा मजला, लाकडी जिना. खिडकीपाशी टेबल.)

शेवटी मी रेडिओ पिशवीत घालून काकांकडे गेलो. काका टेलिफोन खात्यातनं रिटायर झालेत, वय सत्तरच्या पुढे, आणि मला मोर्स त्यांनीच शिकवलं. डबा टेबलावर ठेवत मी सांगितलं, "काका, फायनल टिकतच नाहीये." त्यांनी चष्मा लावला, डब्यात बघितलंसुद्धा नाही आणि विचारलं, "शिट्टी मारल्यावर अँपिअर किती?"

मला माहीतच नव्हतं. मी ते कधी बघितलंच नव्हतं.

हा प्रश्न नीट समजून घ्या, कारण घरगुती ट्रान्समीटरची अर्धी दुरुस्ती याच्यातच आहे. हा रेडिओ आवाज पाठवतो एसएसबी पद्धतीने, आणि त्यात तुम्ही गप्प बसलात तर बाहेर काहीच जात नाही. पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबून गप्प राहिलं की फायनल फक्त जागा असतो, गेटवर, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या पायावर, बायस (त्याला जागं ठेवणारं थोडं व्होल्टेज) असतो म्हणून थोडा करंट घेतो, माझ्या रेडिओत तो १०० मिलिअँपिअरवर सेट केलेला. मग माइकमध्ये एकसारखी शिट्टी मारायची म्हणजे एकच सूर मिळतो, आणि करंट झटकन अँपिअरच्या घरात चढायला पाहिजे. आता या दोन आकड्यांचा अर्थ बघा. गप्प असताना १०० मिलिअँपिअर वाढलाच नाही तर बायस नाही किंवा फायनल खरंच गेलाय. आणि गप्प असताना १०० बरोबर आहे पण शिट्टीला चढत नाही, तर फायनल बिचारा तयार आहे, त्याच्यापर्यंत माल पोचत नाहीये.

आम्ही डमी लोड लावला, म्हणजे अँटेनाच्या जागी पॉवर जिरवणारे रेझिस्टर. अँटेना लावून अशी चाचणी करायची नाही, आपली शिट्टी दुसऱ्याच्या कानात कशाला घालायची. डमी लोड घरीच होतो: १ किलोओहमचे २० रेझिस्टर, एक-एक वॅटचे, सगळे पॅरलल जोडले की बरोबर ५० ओहम आणि २० वॅट झेलायची ताकद. त्याला एक डायोड आणि एक कपॅसिटर लावला की साध्या मल्टिमीटरवर आरएफचा, म्हणजे रेडिओ सिग्नलचा, पीक व्होल्टेज मिळतो, त्याचा वर्ग करून १०० ने भागायचं, झाले वॅट. २० व्होल्ट आले तर ४ वॅट. डायोड थोडा व्होल्टेज खातो, तेवढं पोटात घालायचं. महागड्या यंत्राशिवाय इतकं कळतं याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पीटीटी दाबला, १०० मिलिअँपिअर वाढले. शिट्टी मारली, २०० वर जाऊन अडकला. काका म्हणाले, "फायनल जिवंत आहे. तू दोन चांगले ट्रान्झिस्टर काढून टाकलेस." ते ड्रॉवरमध्ये होते, नशीब फेकले नव्हते.

(दृश्य: कागदावर पेन्सिलने काढलेले चौकोन, स्टेजमागून स्टेज.)

आता मागे मागे जायचं. आणि इथे बिटेक्सची रचनाच मदतीला येते. ऐकताना आणि बोलताना सिग्नल त्याच फिल्टरमधनं, त्याच मिक्सरमधनं जातो, फक्त दिशा उलटी, आणि ऑसिलेटरही तेच. म्हणजे रिसीव्ह जर ठणठणीत असेल तर क्रिस्टल फिल्टर, मिक्सर आणि दोन्ही ऑसिलेटर, डायलने फिरणारा व्हीएफओ आणि एका जागी बसलेला बीएफओ, यांना हात लावायची गरजच नाही. राहिलं काय? माइकचा अँप्लिफायर, उलट्या दिशेचे ट्रान्झिस्टर, मग सिग्नल पायरीपायरीने वाढवणारे प्रीड्रायव्हर, ड्रायव्हर, फायनल. काकांनी कागदावर चौकोन काढले आणि जे सुटले त्यांच्यावर काट मारली, पाच उरले.

आरएफ प्रोब घेऊन एकेक ठिकाण तपासलं. प्रीड्रायव्हरला चांगला सिग्नल. ड्रायव्हरच्या कलेक्टरला, म्हणजे त्याच्या आउटपुटला, पण ठीक. फायनलच्या गेटला जवळजवळ काहीच नाही. मध्ये आहे काय तर एक ट्रान्सफॉर्मर, करंगळीच्या नखाएवढी फेराइटची (चुंबकीय सिरॅमिकची) रिंग, जिला टोरॉइड म्हणतात, त्यावर दोन तारांचे वेढे, माझ्याच हाताने घातलेले.

मी म्हटलं हा तर मी तपासलाय, मीटरवर कंटिन्युइटी, म्हणजे तार जोडलेली आहे का ते, बघितली तेव्हा बीप वाजला होता. काकांनी परत लावायला सांगितलं. वाजला. मग त्यांनी माझ्या हातातनं प्रोब घेतला आणि अगदी अलगद, केसाने स्पर्श करावा तसा, सोल्डरवर न टेकवता तारेवर टेकवला. बीप नाही. दाबला, बीप. सोडला, गेला. मीटर खोटं बोलत नव्हतं, माझा अंगठा तार दाबून जोडत होता आणि मीटर ते जोडलेलं प्रामाणिकपणे सांगत होतं.

(दृश्य: घड्याळजीच्या भिंगातून तारेचं टोक. सोल्डरच्या थेंबात तार, तिच्याभोवती तपकिरी कडा.)

हे नीट बघा. ही इनॅमल वायर. तांब्यावर वार्निशसारखा थर असतो म्हणून वेढे एकमेकांना चिकटून असले तरी शॉर्ट होत नाहीत. पण टोकाला तो थर पूर्ण खरवडायला लागतो, गोल, सगळ्या बाजूंनी. मी ब्लेडने दोन बाजू खरवडल्या, तिसरी राहिली. सोल्डर वरनं चकचकीत बसलं, आत तारेला धरलंच नाही, नुसतं टेकून होतं. उन्हाळ्यात तेवढ्यावर निभावलं, पावसाळ्याच्या दमट हवेत तांबं काळवंडलं आणि ते टेकणंही सुटलं. मी फायनल बदलायचो तेव्हा बोर्ड हलायचा, शेजारी आयर्न लागायचं, तार दोन दिवस परत टेकायची. म्हणून मला वाटायचं नवा ट्रान्झिस्टर बसवल्यावर चालतो.

तार काढली, पॉलिश पेपरची बारीक घडी करून टोक त्यात फिरवलं, लालभडक तांबं दिसेपर्यंत. आधी टोकावर नुसती कल्हई केली, सोल्डर सगळीकडे पसरतंय ना बघितलं, मग बसवलं. गप्प असताना १००. शिट्टी मारली, १.१ अँपिअर. डमी लोडवर २२ व्होल्ट, म्हणजे जवळपास पाच वॅट. काका "हं" म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

मी बसल्या बसल्या बाकीच्या सगळ्या टोरॉइडची टोकं भिंगाखाली घेतली. आणखी एक सापडलं.

(दृश्य: माझं घर, भांडुप, चौथा मजला. छताचा पंखा.)

आता बदलांबद्दल. या रेडिओत मी बरेच बदल केलेत, काही केले नाहीत, दोन्हीची कारणं सांगतो.

पहिला व्हीएफओ. सुरुवातीला कॉइल आणि व्हेरिकॅपवर (व्होल्टेजने बदलणारा कपॅसिटर) चालणारा होता, आणि पंखा चालू केला की फ्रिक्वेन्सी सरकायची, म्हणजे अक्षरशः समोरच्याचा आवाज हळूहळू जाडा व्हायला लागायचा. मे महिन्यात भांडुपला पंख्याशिवाय कोण बसणार. एनपीओ, म्हणजे तापमानाने न बदलणारे, कपॅसिटर टाकले, थर्मोकोलच्या डबीत बंद केला, सुधारला पण थांबला नाही. शेवटी फ्रिक्वेन्सी तयार करणारी एसआय५३५१ ही चिप आणि तिला सूचना द्यायला आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड. फ्रिक्वेन्सी जागेवर बसली, पण नवीन दुखणं आलं, डायल फिरवली की कानात टकटक, आणि बँडभर बारीक कुरकुर. नॅनोला वेगळा रेग्युलेटर दिला, सप्लायच्या तारेवर फेराइट चढवला, आणि अख्खं प्रकरण तुपाच्या पत्र्याच्या डब्यात घालून डबा ग्राउंड केला. एकेक गोष्ट करून, प्रत्येकवेळी ऐकून. तीन एकदम केल्या असत्या तर कशाने गेलं ते कळलंच नसतं (डब्याने गेलं, बाकीच्यांनी थोडंफार).

पॉवर वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. आयआरएफ५१० ला जास्त व्होल्ट दिले की तो जास्त देतोही. मी नाही केलं. पाचाचे दहा वॅट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, समोरच्याच्या सिग्नल मीटरवर अर्धी खूण, म्हणजे अर्धा एस पॉइंट, आणि हीटसिंक मात्र दुप्पट तापते. शिवाय या मॉसफेटची पाठ म्हणजे ड्रेन, सप्लाय येतो तो पाय, तिच्याखालची अभ्रकाची चकती जरा सरकली की सप्लाय थेट शॉर्ट. आणि आउटपुटचा लो पास फिल्टर पाच वॅटचा हिशोब करून बांधलेला, पॉवर वाढवली की १४ मेगाहर्ट्झवरचं दुसरं हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीवर निघणारा नको असलेला सिग्नल, परत मोजायला लागणार.

त्यापेक्षा अर्धा एस पॉइंट दुसरीकडनं मिळतो, तोही फुकट. एका संध्याकाळी रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावला, ती युपीएसमधली असते ना तीच, आणि घरातला मेन स्विच पाडला. आई स्वयंपाकघरातनं ओरडली, पण रेडिओतला गोंगाट जो खाली बसला, मी नुसता ऐकत राहिलो. मग एकेक एमसीबी चढवत गेलो. हॉलचा चढवला, गोंगाट परत. हॉलमधला एलईडी बल्ब आणि सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर, दोघं मिळून ७ मेगाहर्ट्झ भरून टाकत होते. लिफ्ट सुरू झाली की वेगळा घरघराट, त्याला माझ्याकडे इलाज नाही, लिफ्ट पोचेपर्यंत थांबायचं.

अँटेना गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून दोन्हीकडे उतरती, एकेक बाजू साधारण १० मीटर. सोसायटीची परवानगी मिळवायला दोन मीटिंगा लागल्या, वायर दिसणार नाही आणि टीव्हीला त्रास होणार नाही एवढं लिहून दिलं.

(दृश्य: रविवार, सकाळचे सात. गच्ची, ओली फरशी, बॅटरी, रेडिओ, हेडफोन.)

सकाळी चाळीस मीटरवर महाराष्ट्र छान लागतो, सिग्नल वर जाऊन जवळच खाली येतो, शे-पाचशे किलोमीटरचा पट्टा भरतो. बँड रिकामा आहे का विचारलं, सीक्यू दिला, म्हणजे कोणी आहे का अशी हाक. दुसऱ्या हाकेला कोल्हापूर आलं. "फाइव्ह सेव्हन, आवाज स्वच्छ आहे, पॉवर किती?" (फाइव्ह म्हणजे शब्दन्शब्द कळतोय, सेव्हन म्हणजे सिग्नल बऱ्यापैकी जोरदार.) पाच वॅट सांगितलं. "आणि पाऊस?" इथे रिमझिम, तिकडे धो धो, पंचगंगेला पाणी चढलंय म्हणाले. पंधरा मिनिटं बोललो. अँपिअरचा काटा मी सारखा बघत होतो, माझ्या प्रत्येक शब्दाला तो उठत होता.

एक राहिलंय. पीटीटी सोडला की हेडफोनमध्ये जोरात 'टॉक्' असा आवाज होतो, रिले पडताना एलएम३८६ ला, म्हणजे हेडफोनच्या अँप्लिफायर चिपला, धक्का बसतो. त्या क्षणापुरता आवाज दाबायला एक २एन७००० हा छोटा मॉसफेट लागेल, घरातले संपलेत. आज रविवार, लॅमिंग्टन रोड बंद. उद्या ऑफिस सुटलं की ग्रँट रोडला उतरतो.